काठी म्हातारी केव्हा होते?

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. सुतार रंधा-पटाशी मांडतो, लोहार घण आणि सांडशी मांडतो, शिंपी मशीनला हार घालतो. पूजेच्या वेळी हत्यार जुने की नवे हे कोणी विचारीत नाही. उलट बापाच्या हातचा रंधा असेल तर त्याला दोन फुले अधिकच मिळतात. मग तीन आठवड्यांनी दिवाळी येते, बाजार नव्या वस्तूंनी भरून जातो आणि त्याच घरात प्रश्न निघतो, "हे आता जुनं झालं, नवं घ्यावं का?" जुने म्हणजे किती जुने आणि ते जुने झाले हे ठरवायचे कोणी, याचा मात्र फारसा कोणी विचार करीत नाही.

या प्रश्नाचा इतिहास पाहायचा तर मला एक काठी फार सोयीची वाटते. ती आपल्या गावची नाही, फार दूरची आहे. गोल्फ नावाच्या खेळात तिला 'ड्रायव्हर' म्हणतात. मोटारीच्या ड्रायव्हरशी तिचा संबंध नाही. चेंडूला पुढे हाकलणारी म्हणून ती ड्रायव्हर. मी स्वतः गोल्फ खेळत नाही. खेळाच्या मैदानाशी माझा संबंध शाळेच्या कबड्डीच्या शिट्टीपुरता. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या घरातली कपाटे उघडून पाहण्याची खोड असते, आणि इतिहास शिकवणाऱ्या मास्तराला सनावळ्यांची. या दोन खोडींमुळे गेली काही वर्षे मी या काठीच्या मागे लागलो आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विस्तीर्ण हिरवळीवर ठरावीक अंतरांवर अठरा खळगे केलेले असतात. जमिनीवरचा लहानसा चेंडू काठीने मारीत मारीत, कमीत कमी टोल्यांत, एकेका खळग्यात घालायचा. खेळाडूला जवळ जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगता येतात; अमेरिकेने हा नियम १९३८ साली केला, ब्रिटनने त्यानंतरच्या वर्षी. या चौदा जणींत सर्वांत लांब, बहुधा सर्वांत महाग आणि पहिल्या दूरच्या टोल्याला हातात घ्यायची ती ड्रायव्हर. आणि खेळणाऱ्या माणसाला जी बदलावी असे सारखे वाटत असते, तीही हीच.

आता हा इतिहास सुरू होतो तो एका बंदीपासून. १४५७ साली स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजाच्या पार्लमेंटने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्ही खेळांना मनाई केली. इंग्लंडशी वैर होते, शिपायांची गरज होती आणि तरुण मंडळी तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूमागे धावत होती. ही मनाई १४७१ आणि १४९१ साली पुन्हा करावी लागली. एकच हुकूम तीनदा काढावा लागला याचा अर्थ काय, हे कोणत्याही शाळामास्तराला समजावून सांगायला नको. पुढे १५०२ साली इंग्लंडशी तह झाला, आणि त्याच वर्षी चौथ्या जेम्स राजाने स्वतःसाठी गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. राजाच्या खजिन्याच्या हिशेबात ती नोंद आहे. काठ्या घेतल्या कोणाकडून? पर्थ गावच्या धनुष्ये करणाऱ्या कारागिराकडून! ज्या खेळाने धनुष्य बुडवले त्याच खेळाची काठी धनुष्य करणाऱ्याच्या हातून आली. तेच योग्यही होते. कोणते लाकूड किती वाकेल आणि वाकून पुन्हा कसे सरळ होईल हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? १६०३ साली सहाव्या जेम्सने विल्यम मेन या माणसाला राजाचा काठी-कारागीर नेमले. तोही एडिंबरोचा धनुष्यकारच होता.

त्या जुन्या काठ्या दिसायला देखण्या होत्या. डोके लांबट आणि निमुळते, सफरचंदाच्या, नासपतीच्या किंवा बीच झाडाच्या लाकडाचे. मागच्या बाजूला पोकळी करून तीत शिसे ओतलेले, खालची कड झिजू नये म्हणून तिथे शिंगाची पट्टी बसवलेली. दांडा ॲश किंवा हेझल या झाडांचा. डोके आणि दांडा यांचा तिरपा सांधा सरसाने चिकटवून वरून दोरा घट्ट गुंडाळीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेंट अँड्रूज गावच्या ह्यू फिल्प या कारागिराने ही कला शिगेला नेली. त्याच्या हातच्या काठ्या लोक आज संग्रहालयात जाऊन पाहतात. आपल्या देशातही गोल्फ याच लांब नाकाच्या काठ्यांच्या काळात आला; कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटनबाहेरच्या आज चालू असलेल्या क्लबांत सर्वांत जुना.

या काठ्या अशा नाजूक का, तर चेंडू मऊ होता म्हणून. कातड्याची लहानशी पिशवी शिवायची, तिच्यात उंच टोपीभर उकडलेली पिसे दाबदाबून भरायची आणि तोंड शिवून टाकायचे. चेंडू वाळला की कातडे आवळते, पिसे फुगतात आणि तो दगडासारखा टणक भासतो. पण काठीच्या दृष्टीने तो मायाळूच. कसलेल्या कारागिराच्या हातूनही दिवसाला तीन-चारच चेंडू होत. त्यामुळे एकेका चेंडूची किंमत कधीकधी काठीच्या बरोबरीला जाई. पावसात भिजला की तो फुगे, शिवण उसवली की पिसे बाहेर.

मग १८४८ च्या सुमारास एक नवा चेंडू आला. तो कसा आला याची एक दंतकथा आहे, आणि तिच्यात आपल्या ओळखीचे कोणी भेटते म्हणून ती सांगतो. सेंट अँड्रूजच्या पॅटरसन घराण्यात पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली. वाटेत मोडू नये म्हणून ती गट्टापर्चा नावाच्या चिकाच्या तुकड्यांत बांधलेली होती. हा चीक मलायातल्या एका झाडाचा. आपला चिकू आणि आपला मोह ज्या कुळातले, त्याच कुळातले ते झाड. गरम पाण्यात टाकला की चीक मऊ होतो, थंड झाला की घट्ट. घरातल्या रॉबर्ट नावाच्या तरुणाने म्हणे त्याने आधी आपल्या बुटांचे तळवे सांधले आणि उरलेल्याचा चेंडू वळला. कथा कितपत खरी ते विष्णूला माहीत. गट्टापर्चाचा चेंडू मात्र खरा. तो स्वस्त होता, पावसाला भीत नव्हता, आणि फुटला तर वितळवून पुन्हा वळता येत होता.

त्याने पहिला घाव घातला तो माणसांवर. सेंट अँड्रूजमध्ये पिसांचे चेंडू करणारा ॲलन रॉबर्टसन हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. टॉम मॉरिस हा त्याच्या हाताखाली शिकलेला आणि त्याच दुकानात काम करणारा. नवा चेंडू म्हणजे पोटावर पाय, हे रॉबर्टसनने ओळखले. तो ते चेंडू मिळतील तिथून विकत घेऊन जाळून टाकीत असे, असे सांगतात. एके दिवशी खेळता खेळता मॉरिसजवळचे चेंडू संपले. त्याने सोबत्याचा गट्टापर्चाचा चेंडू उसना घेऊन डाव पुरा केला. ही गोष्ट रॉबर्टसनच्या कानावर गेली आणि गुरुशिष्यांत बेबनाव झाला. १८५१ साली मॉरिस गाव सोडून प्रेस्टविकला गेला. आणि शेवट कसा झाला पाहा. रॉबर्टसनने स्वतः पुढे तेच चेंडू करायला घेतले, आणि १८५८ साली सेंट अँड्रूजच्या मैदानावर ७९ टोल्यांत फेरी पुरी केली. ऐंशीच्या आत येणारा तो पहिला. पुढच्याच वर्षी तो वारला. ज्या चेंडूसाठी मैत्री तुटली, त्यानेच त्याच्या नावावर हा विक्रम लिहिला.

नव्या चेंडूचा दुसरा घाव काठीवर बसला. गट्टापर्चा कठीण, त्याचा धक्का ह्यू फिल्पच्या नाजूक काठ्यांना सोसेना. माना मोडू लागल्या, डोकी चिरू लागली. तेव्हा डोके आखूड झाले, जाड झाले, त्याच्या तोंडावर चामड्याचा तुकडा बसवू लागले, आणि दांड्यासाठी अमेरिकेतून हिकरी नावाचे चिवट लाकूड येऊ लागले. चाळीस-पन्नास वर्षांत लांब नाकाची काठी मैदानावरून नाहीशी झाली.

इथे मला या इतिहासातली पहिली गोम सापडली. ती काठी झिजली नव्हती. फिल्पची विद्याही कमी पडली नव्हती. जुन्या चेंडूबरोबर ती शंभर वर्षे आणखी नांदली असती. तिचा सोबती बदलला, म्हणून ती म्हातारी ठरली. घरातल्या वस्तूंकडे या दृष्टीने पाहिले तर पुष्कळांचा उलगडा होतो. चांगले पितळी पातेले माळ्यावर जाते ते फुटले म्हणून नव्हे. खालची चूल गेली आणि शेगडी आली म्हणून.

आणखी एक मौज. गट्टापर्चाचा गुळगुळीत नवा चेंडू सरळ उडत नसे, मध्येच खाली पडे. ओरखडे आणि खाचा पडलेला जुना चेंडू मात्र छान लांब जाई. हे ध्यानात आल्यावर लोक नव्या चेंडूला हातोडीने ठोकून मुद्दाम जुना करू लागले. आजच्या चेंडूवरच्या त्या बारीक खळ्यांचे मूळ इथे आहे. जुनेपण हा प्रत्येक वेळी दोषच असतो असे नाही.

१८९८ साली अमेरिकेत कोबर्न हॅस्केल याने रबराचा लांब धागा गुंडाळून चेंडू केला. १९०२ साली सँडी हर्डने तो वापरून ब्रिटनची मोठी स्पर्धा, 'ओपन', जिंकली, आणि गट्टापर्चाचे दिवस भरले. एव्हाना ड्रायव्हरचे डोके अमेरिकेतल्या पर्सिमन झाडाच्या लाकडाचे होऊ लागले होते. हे झाड आपल्या टेंभुर्णीचे सख्खे भावंड. विदर्भातल्या ज्या टेंभुर्णीच्या पानात आपल्याकडे विडी वळतात, तिच्याच गणगोतातल्या लाकडाने पुढची ऐंशीएक वर्षे साहेबाच्या चेंडूला टोले दिले.

दांडा मात्र अजून लाकडीच होता. पोलादी दांड्याला अमेरिकेने १९२० नंतरच्या दशकात परवानगी दिली, सेंट अँड्रूजने १९२९ च्या अखेरीस. हिकरीचा दांडा टोल्याच्या वेळी पिळे. दोन दांडे कधी सारखे नसत. आपल्या हाताला जमणारा दांडा खेळाडू दुकानात शेकडो दांडे वाकवून पाहून निवडी. असा निवडलेला दांडा मग सहजासहजी टाकवत नसे. बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूने आपल्या ड्रायव्हरला नाव दिले होते 'जीनी डीन्स'. सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीतली ही नायिका. बहिणीचा जीव वाचावा म्हणूनही कोर्टात खोटे बोलायला ती तयार होत नाही, आणि मग राजाची माफी मिळवण्यासाठी स्कॉटलंडहून लंडनच्या वाटेला पायी लागते. सरळ जाणाऱ्या काठीला याहून चांगले नाव कोणत्या कादंबरीकाराला सुचले असते? पोलादाला सगळीकडे मुभा मिळाल्यावरही, १९३० साली, जोन्सने हिकरीच्याच काठ्यांनी एका वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पुढच्या वर्षी बिली बर्कने अमेरिकेची ओपन पोलादी दांड्याच्या काठ्यांनी जिंकली, आणि हिकरी संपली.

त्याच संधिकाळातले दोन खेळाडू मला फार आवडतात. बायरन नेल्सन आणि सॅम स्नीड हे दोघेही अमेरिकन, दोघेही १९१२ साली जन्मलेले, दोघेही गरिबीतून वर आलेले.

स्नीडचा जुना ड्रायव्हर फार लवचिक होता. अंगात ताकद भरपूर. तो जोराने मारी आणि चेंडू डावीकडे वळून जाई. १९३७ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसला हेन्री पिकार्ड या खेळाडूने त्याला जॉर्ज इझेट या कारागिराने केलेला एक जड, ताठ दांड्याचा ड्रायव्हर दिला. किंमत साडेपाच डॉलर. त्या काठीने चेंडू सरळ जाऊ लागला, आणि स्नीडने ती वर्षानुवर्षे सोडली नाही. मोडली की दुरुस्त केली, पुन्हा मोडली की पुन्हा दुरुस्त केली. अमेरिकेच्या पीजीए टूरवर त्याने ८२ स्पर्धा जिंकल्या. त्या कारकिर्दीची सुरुवात या काठीपासून झाली असे तो स्वतः मानीत असे.

नेल्सनची गोष्ट उलट. १९३४ साली त्याचे लग्न झाले. पैशांची ओढाताण होती, स्पर्धांच्या गावी मोटारीने जायचे आणि मिळेल त्या बक्षिसावर घर चालवायचे, असे दिवस. ड्रायव्हरचा टोला मनासारखा बसत नव्हता. एके दिवशी तो बायकोला म्हणाला की मला नवा ड्रायव्हर घ्यायला हवा. लुईझ ही शांत स्वभावाची बाई. तिने वर्षाचा हिशेब मांडला. गेल्या वर्षभरात आपण एक नवा झगा घेतला नाही, बुटांचा एक जोडही घेतला नाही. तुम्ही मात्र चार ड्रायव्हर घेतलेत. तेव्हा एक तर तुम्हांला कोणता ड्रायव्हर हवा हे तुम्हांलाच कळत नाही, नाही तर तो मारायचा कसा हे कळत नाही. ही हकीकत नेल्सनने पुढे स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली. बायकोचे म्हणणे खरे आहे हे त्याने मान्य केले, दुकानांतून शोधत फिरणे थांबवले आणि आपल्याला नेमके काय हवे ते ठरवले. दुसरे त्याने केले ते याहून मोठे. हिकरीच्या काळात शिकलेला टोला पोलादी दांड्याला चालत नाही हे ओळखून त्याने पायांचा, कमरेचा, मनगटांचा सगळा मेळच बदलला. आधुनिक गोल्फच्या टोल्याचा जनक म्हणून त्याचे नाव घेतात ते यासाठी. १९४५ साली त्याने लागोपाठ अकरा आणि वर्षभरात एकूण अठरा स्पर्धा जिंकल्या.

या दोघांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की निकाल आपोआप लागतो. एक काठी बदलली आणि दोष गेला, तर दोष काठीचा होता. चार काठ्या बदलल्या आणि दोष तसाच राहिला, तर तो त्या चौघींत असणे शक्य नाही. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. पण अंगण कधीकधी खरेच वाकडे असते, हे आपण विसरतो. स्नीडचे अंगण वाकडे होते. नेल्सनचे नव्हते.

लाकडी डोक्याचा अंत १९७९ साली सुरू झाला. गॅरी ॲडम्स नावाचा अमेरिकन विक्रेता होता. त्याला असे आढळले, की त्या सुमारास निघालेले दोन थरांचे नवे चेंडू लोखंडी काठ्यांनी मारले तर अधिक लांब जातात, लाकडी काठ्यांनी मारले तर नाही. मग ड्रायव्हरच धातूचा का करू नये? त्याने घरावर कर्ज काढून टेलरमेड ही कंपनी काढली आणि आतून पोकळ असा पोलादी ड्रायव्हर केला. लोकांनी त्याला थट्टेने 'पिट्सबर्ग पर्सिमन' म्हटले, कारण पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. वाचकांच्या लक्षात आले असेलच, पुन्हा चेंडूच आधी बदलला होता.

पण या खेपेला जुनी काठी लगेच मेली नाही. पर्सिमनच्या टोल्याचा तो भरीव, गोड आवाज पुष्कळांना सोडवेना. धातूचा टणत्कार त्यांना भांड्यांच्या दुकानासारखा वाटे. १९८१ साली रॉन स्ट्रेकने अमेरिकेतली एक मोठी व्यावसायिक स्पर्धा धातूच्या ड्रायव्हरने जिंकली. तरीही १९९३ साली, म्हणजे धातू येऊन चौदा वर्षे झाल्यावर, जर्मनीच्या बर्नहार्ड लांगरने ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा पर्सिमनच्याच ड्रायव्हरने जिंकली. मोठ्या स्पर्धांतला लाकडाचा तो शेवटचा विजय. ज्याचा हात बसला आहे त्याला जुनी काठी पुरते, याला याहून वेगळा पुरावा नको. पण ज्या कारागिरांनी ते लाकूड तासून, तेल पाजून, घासून डोकी घडवली, त्यांची विद्या मात्र त्या टोल्याने वाचली नाही. रॉबर्टसनच्या पिसांच्या चेंडूसारखीच तीही गेली.

पुढचे सगळे वेगाने घडले. १९९१ साली ईली कॅलवे याच्या कंपनीने 'बिग बर्था' काढला. नाव पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचे, डोके १९० घनसेंटिमीटरचे. १९९५ साली त्याची टायटॅनियमची मोठी बहीण आली, डोके सुमारे अडीचशे. टायटॅनियम हलके आणि बळकट, त्यामुळे काठीचे तोंड पत्र्यासारखे पातळ करता येऊ लागले. चेंडू आदळला की ते किंचित आत दबते आणि उसळी मारून चेंडूला बाहेर फेकते. बाजेवर उड्या मारणाऱ्या मुलाला हे तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. डोके मोठे झाल्याचा फायदा वेगळाच: टोला मधोमध न बसता थोडा कडेला बसला तरी काठी हातात फिरत नाही, आणि चेंडू फार भरकटत नाही. अडाण्याला सांभाळून घेणारी काठी ती हीच.

अशाने मैदानेच अपुरी पडतील, हे पाहून खेळाचे नियम करणाऱ्या अमेरिकेतल्या आणि सेंट अँड्रूजच्या दोन्ही संस्थांनी कुंपण घातले. उसळीला १९९८ पासून अमेरिकेत आणि पुढे सर्वत्र मर्यादा आली, २००४ साली डोके ४६० घनसेंटिमीटरवर आणि लांबी ४८ इंचांवर रोखली गेली. परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंचा ड्रायव्हरचा सरासरी टोला १९८० साली सुमारे २५७ यार्ड होता, २००३ साली सुमारे २८६ आणि २०२३ साली सुमारे ३००. पहिल्या तेवीस वर्षांत तीस यार्डांची वाढ, पुढच्या वीस वर्षांत त्याच्या निम्मी. आणि तीही एकट्या ड्रायव्हरची नव्हे, तीत चेंडूचा, व्यायामाचा आणि शिक्षणाचा वाटा आला. तेव्हा गेल्या वर्षीपेक्षा यंदाची काठी पुष्कळ लांब मारील अशी जाहिरात वाचताना हे कुंपण आठवावे.

मग आजची काठी म्हातारी होते तरी कशी? याचे उत्तर मला सर्वांत विलक्षण वाटले. सुरी वापराने बोथट होते, चप्पल झिजते. टायटॅनियमचा ड्रायव्हर मात्र जोरकस माणसाच्या हाती हजारो टोले खाऊन थोडा अधिक उसळता होतो! पातळ तोंड टोल्यांनी आणखी नमते होत जाते. काठी तारुण्याच्या शिखरावर चढते आणि एक दिवस चिरफळते. पण चिरण्यापूर्वीच ती कायद्याची रेषा ओलांडते. २०१९ साली पोर्टरशच्या ओपन स्पर्धेत झँडर शॉफली याचा ड्रायव्हर तपासणीत बाद झाला. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या पीजीए स्पर्धेपूर्वी रोरी मॅकिलरॉयचा आणि स्कॉटी शेफलर याचाही बाद झाला. या दोघांनी काही लबाडी केली नव्हती. काठी वापरून वापरून ती गत झाली होती. शेफलर म्हणाला की ही काठी आपण वर्षाहून अधिक काळ वापरली होती, तेव्हा असे होणार याची कल्पना होतीच. त्याने राखून ठेवलेली दुसरी काठी घेतली आणि स्पर्धा जिंकली.

साध्या हौशी माणसाला हे भय नाही. तितक्या जोराचे तितके टोले तो जन्मात मारीत नाही. त्याची काठी बदलण्याची कारणे थोडी आणि सरळ आहेत. तोंडाला चीर गेली, टोल्याचा आवाज एकाएकी फुटक्या मडक्यासारखा येऊ लागला, तर ती गेली. मुठीचे रबर गुळगुळीत झाले असेल तर मूठ बदलावी; थोडक्या पैशांचे काम आहे, आणि मूठ घसरते म्हणून नवा ड्रायव्हर घेणे हे वात संपली म्हणून समई बदलण्यासारखे. तिसरे कारण वयाचे. पंचविशीत घेतलेली ताठ काठी साठीत जड जाते. हात मंदावतात, आणि तेव्हा लवचिक दांड्याची, चेंडू उंच उचलणारी काठी घेण्यात कमीपणा नाही. म्हातारपण इथे काठीचे नाही, पण बदल तिच्यातच करावा लागतो. चौथे कारण, ती काठी पहिल्यापासूनच आपल्या हाताची नव्हती. स्नीडची नव्हती तशी.

पाचवे कारण मी धरीत नाही. ते म्हणजे शेजाऱ्याने नवी घेतली.

शाळेत इतिहास शिकवताना आम्ही राजे सांगतो, लढाया सांगतो, तहाची कलमे पाठ करून घेतो. एका काठीचा इतिहास वाचताना मला दिसले ते असे, की वस्तू क्वचितच स्वतःच्या झिजेने मरते. कधी तिचा सोबती बदलतो, कधी धातू बदलतो, कधी कायदा, कधी हात. आणि पुष्कळदा यांपैकी काहीच बदललेले नसते, फक्त आपले मन बदललेले असते. यांतले कोणते घडले ते ओळखायला त्या खेळाचे ज्ञान लागतेच असे नाही. पाचशे वर्षांच्या या हकीकतीत राजे आहेत, कारागीर आहेत, कंपन्या आहेत, अजिंक्यवीर आहेत. पण ड्रायव्हर केव्हा बदलू नये याचा नेमका निवाडा केला तो घरखर्चाची वही सांभाळणाऱ्या, वर्षभर एकही नवा झगा न घेतलेल्या लुईझ नेल्सनने. यंदाच्या दिवाळीत घरात काही नवे आणण्याचा बेत असेल तर बाजारात जाण्यापूर्वी घरातल्या अशा माणसाला एकदा विचारावे. नवे घेऊ नका असेच ते सांगेल असे नाही. पण याआधी किती घेतले, ते त्याला नक्की आठवत असेल.